कशाबद्दल, वकीलबाई?

नेव्याना जुरोवा आमच्या तुरुंगाची वकील होती. कैद्यांची नव्हे, तुरुंगाची, म्हणजे सरकारची. एखाद्या कैद्याने तुरुंगावर दावा लावला की कोर्टात उभं राहून "हा दावा निराधार आहे" असं म्हणायचं, हे तिचं काम. हे वाक्य म्हणायला सरकारने तिला नेमलं होतं, आणि तेच वाक्य तिच्याइतक्या पडेल आवाजात म्हणणारा दुसरा वकील अख्ख्या बल्गेरियात सापडला नसता.

मी तिच्याच खोलीत बसते. माझं काम कैद्यांचं रडगाणं ऐकायचं, त्यांना सुतारशाळेत नाहीतर स्वयंपाकघरात कामाला लावायचं आणि दोघं भांडले की वेगवेगळ्या खोल्यांत टाकायचं. असलं काम वर्षानुवर्षं करून माणसाचा स्वभाव बिघडतो. माझाही बिघडलाय, लपवून काय करू? मला माणूस कुठल्यातरी एका बाजूचा असलेला बरा वाटतो. कैदी तर कैदी, पहारेकरी तर पहारेकरी. नेव्यानाला मात्र आपण कुठल्या बाजूला आहोत हे रोज सकाळी नव्याने आठवावं लागायचं.

ढेकणांचंच बघा. तिसऱ्या बराकीतल्या एकाने ढेकणांबद्दल दावा लावला. नेव्याना तुरुंगाचं लेखी उत्तर घेऊन गेली: फवारणी नेमाने होते, ढेकूण आढळलेले नाहीत. वाचता वाचता ती सारखी मनगट खाजवत होती. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "हाताला काय झालंय तुमच्या?"

"ढेकूण चावलेत," नेव्याना म्हणाली. "म्हणजे, ढेकूण नाहीत असं आमचं म्हणणं आहे."

तो खटला आम्ही हरलो. संध्याकाळी तिसऱ्या बराकीतून तिच्यासाठी कॉफी आली आणि या बाईने ती घेतलीसुद्धा.

याहून कठीण म्हणजे, कैद्यांना अर्ज नीट करून देणारीही तीच. कैद्याने चुकीच्या कोर्टाला लिहिलं किंवा मागणी धड मांडली नाही, की कागद परत यायचा. मग तो कागद घेऊन ते सरळ तिच्याकडे. ती भेटीच्या खोलीत त्यांच्यासोबत बसायची, "हे इकडे नाही हो, तिकडे पाठवायचं, आणि तारीख कुठेय?" असं म्हणत दावा बिनचूक करून द्यायची. आणि महिन्याभराने कोर्टात उभी राहून तोच दावा निराधार असल्याचं सांगायची.

"अगं, तू सोंगट्या दोन्हीकडून खेळतेस," मी तिला म्हणायचे.

"मग काय करू, इस्क्राताई? चुकीचा अर्ज परत येतो, ते पुन्हा चुकीचा लिहितात, तो पुन्हा येतो. आपल्यालाच त्रास."

"आपल्याला म्हणजे कुणाला?"

यावर ती विचारात पडायची. खरंच विचारात पडायची, चेष्टा नाही. तिच्या 'आम्ही'मध्ये कधी तुरुंग असायचा, कधी कैदी, आणि कधी नुसती ती आणि तिची आई. आई रोज दुपारी ऑफिसात फोन करून मीठ कुठे ठेवलंय ते विचारायची. नेव्यानाला खरं तर गावात नोटरी व्हायचं होतं. आमच्याकडची जागा रिकामी होती म्हणून तात्पुरती आली, आणि तात्पुरती असतानाच तिचे केस पिकले. नवरा होता, तो एका दंतवैद्य बाईबरोबर स्पेनला गेला. तेव्हाही ती मला म्हणाली होती, "त्याची बाजूही कळते गं मला." मी त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही.

आता वल्चान पेयोवबद्दल सांगते, कारण सगळं त्याच्यावरूनच झालं.

वल्चान साठीचा, आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावचा. दारू पिऊन ट्रॅक्टर चालवला, शेजाऱ्याला चाकाखाली घेतलं, शेजारी गेला. वल्चानने कधी निर्दोष असल्याचा आव आणला नाही. "मी केलंय, मी बसतो," एवढंच म्हणायचा. थंड सूप, ढेकूण, गळकं छप्पर, कशाबद्दल म्हणून त्याची तक्रार नव्हती. सुतारशाळेत स्टुलं करायचा आणि त्याची स्टुलं डुगडुगत नसत.

एका नव्या वर्षाच्या सुट्टीत त्याची बायको दोना गेली. मेहुणीने तुरुंगाच्या फाटकावर फोन केला. फाटकावर गात्यो होता, आमचा सगळ्यात जुना पहारेकरी. गात्योने वल्चानला बातमी सांगितली, तसा वल्चान म्हणाला, "मला न्या. बेड्या घाला, साखळी घाला, दोन माणसं बरोबर द्या, पण न्या." आमच्याकडे माणूस गेला की दुसऱ्या दिवशी पुरतात, थांबत नाहीत. वल्चान कोट घालून दाराशी बसला. कुणी आलं नाही. दोनाला पुरलं तेव्हाही तो कोट घालून बसलेलाच होता.

चाळीसाव्या दिवशी कुणाच्या तरी भेटीला आलेल्या नातेवाइकाने वल्चानच्या गावात भिंतीवर चिकटवलेला दोनाचा मृत्युलेख आणला, आमच्याकडे चाळीसाव्याला लावतात तसा. वर दोनाचा फोटो, खाली शोकाकुल मंडळी: मुलगी, जावई, नात, बहीण. नवरा नाही. वल्चानने तो कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि बोटाने खालची नावं पुन्हा पुन्हा वाचली, जणू आपलं नाव कुठेतरी मधे अडकलं असेल. मग माझ्याच खोलीतून मुलीला, मिग्लेनाला, फोन लावला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं, ती ओरडतच होती.

"मी विचारलं होतं तुरुंगात! ते म्हणाले, तुम्ही अर्जसुद्धा केला नाहीत. आईला मातीत घालायला यावंसंही नाही वाटलं तुम्हाला?"

त्यानंतर तिने त्याचा फोन कधी उचलला नाही. पत्रं परत आली.

म्हणून वल्चानने दावा लावला, जन्मातला पहिला. कच्चा अर्ज घेऊन नेव्यानाकडेच आला. तिने सांगितलं, भरपाईचा आकडा टाकावा लागतो. तो म्हणाला, "काहीही टाका, वकीलबाई. मला भरपाई नको. निकालाच्या कागदावर एवढंच येऊ द्या की मी जायला मागितलं होतं. तो कागद मी मिग्लेनाला पाठवीन. कोर्टाचा शिक्का असला की ती फाडणार नाही."

त्याच्या दाव्यात असं होतं की गात्योने त्याची विनंती वर पोचवलीच नाही. नेव्यानाने तुरुंगाच्या वतीने उत्तर दिलं: कैद्याने लेखी अर्ज केल्याचं दिसत नाही. गात्योला विचारलं तर तो खांदे उडवून म्हणाला, "माझं वय झालं, आठवत नाही." हा गात्यो, ज्याला तीस वर्षांमागच्या कैद्याच्या कुत्र्याचं नाव आठवतं!

ते उत्तर पाठवल्यापासून नेव्यानाचं काहीतरी बिनसलं. कॉफीत मीठ घालायची आणि प्यायची. सुनावणी नसलेल्या दिवशी कोर्टात जाऊन बसायची. एकदा तर चुकीच्या बसमध्ये बसून नदीकाठच्या शेवटच्या स्टॉपपर्यंत गेली आणि तिथून मला फोन केला, "इस्क्राताई, मी कुठे चालले होते?" मी म्हटलं, वय झालं की बायकांना होतं असं, डॉक्टरकडे जा. डॉक्टरने लोहाच्या गोळ्या दिल्या.

सुनावणीची तारीख लागली पुढच्या वसंतात. आणि तिच्या थोडं आधी आला माफीचा रविवार.

ईस्टरपूर्वीचा मोठा उपास सुरू होण्याआधीच्या या रविवारी लहानाने मोठ्याच्या हाताचं चुंबन घ्यायचं आणि "माफ करा" म्हणायचं. मोठ्याने म्हणायचं, "माफ आहे, देवही माफ करो." मग चीज घातलेली पापुद्र्यांची बानित्सा खायची, अंडी खायची, हलवा खायचा आणि निजायचं. घरोघरी होतं हे. आमच्या तुरुंगात सावा पाद्री आल्यापासून त्याने यात एक भर घातली होती: चॅपलमध्ये त्या दिवशी हुद्दा नाही, फक्त वय. वयाने लहान तो वाकणार, मग तो साहेब का असेना. आमचे प्रमुख तोतेवसाहेब दरवर्षी एका म्हाताऱ्या दरोडेखोरापुढे वाकायचे आणि नंतर दिवसभर खूश असायचे. यात कुणी काही मनावर घेत नाही. तुम्ही कशाची माफी मागताय हे कुणी बोलत नाही आणि कुणी विचारतही नाही. सासूची माफी मागणारी सून जर कारणं सांगायला लागली, तर उपास संपेपर्यंत पुरतील.

त्या रविवारी चॅपलमध्ये एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ते. माझं लक्ष हलव्याकडे होतं, अक्रोड घातलेला होता. नेव्याना पुढे झाली आणि वल्चानसमोर वाकली. त्याचा हात ओठांना लावला. "माफ करा, वल्चानकाका."

वल्चानने हात काढून घेतला नाही. तिचीच बोटं धरून ठेवली आणि शांतपणे विचारलं, "कशाबद्दल, वकीलबाई?"

मी हे चॅपल इतकी वर्षं बघतेय, हा प्रश्न तिथे कधी कुणी विचारला नव्हता. सावा पाद्री खोकला. मागून कुणीतरी हसलं. नेव्याना सहज म्हणू शकली असती, "सगळ्याबद्दल." मी म्हटलं असतं. तुम्हीही म्हटलं असतं. ती म्हणाली,

"त्या फोनबद्दल."

"कुठल्या फोनबद्दल?"

"सुट्टीत गात्योने मला घरी फोन केला होता. त्या दिवशी साहेबांच्या जागी मी होते. तो म्हणाला, वल्चानची बायको गेली, त्याला नेऊ का? मी म्हटलं, लेखी अर्ज घेऊन ठेव, ऑफिस उघडलं की बघू. अर्ज मग कुणी घेतलाच नाही."

"म्हणजे गात्योने सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"आणि नाही तुम्ही म्हणालात."

"मी म्हणाले. तुमच्या मुलीला नंतर फोनवर 'अर्ज नाही' म्हणाले, तीही मीच."

वल्चानने तिचा हात सोडला. "माफ आहे" म्हणाला नाही, आपल्या रांगेत जाऊन उभा राहिला. गात्यो भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. तोतेवसाहेब टाळ्या वाजवत म्हणाले, "चला, चला, पुढे सरका, लोक खोळंबलेत," जसं काही आम्ही पावाच्या रांगेत होतो.

मला सांगायला हवं की मी तिच्यावर भयंकर चिडले. तेव्हा नाही म्हणाली म्हणून नव्हे. सुट्टीत सगळेच नाही म्हणतात, नियमही तसाच आहे. चिडले ते, ती वर्षभर माझ्यासमोर मीठ घातलेली कॉफी पीत बसली आणि मला एका शब्दाने बोलली नाही म्हणून. आणि मग बोलली तर कुठे, सगळ्या बराकींसमोर!

सोमवारी वल्चान आमच्या खोलीच्या दारात उभा. टोपी हातात.

"वकीलबाई, काल तुम्ही बोललात ते कोर्टाला कळवायचंय. कसं लिहू?"

आणि नेव्यानाने, देवाशपथ सांगते, खुर्ची पुढे केली. "बसा. आधी तारीख टाका. मग लिहा, तुरुंगाच्या प्रतिनिधीने साक्षीदारांसमोर मान्य केलं की... थांबा, 'मान्य केलं' नको, 'सांगितलं' लिहा, मान्य झालं की नाही ते कोर्ट ठरवेल. आता साक्षीदारांची नावं."

"अगं बाई!" मी ओरडले. "तू स्वतःच्या विरुद्ध अर्ज सांगतेयस!"

"मग चुकीचा जाऊ देऊ?" ती म्हणाली. "परत येईल."

वल्चान एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "साक्षीदार म्हणून इस्क्राबाईंचं नाव घालू का?" आणि ती म्हणाली, "घाला, त्या पुढेच उभ्या होत्या."

दुपारी तोतेवसाहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. साहेब तसे वाईट नाहीत. त्यांना निवृत्तीपर्यंत कुणी काही विचारू नये एवढीच त्यांची इच्छा.

"मला एकच सांगा, जुरोवाबाई. काल तुम्ही वकील म्हणून बोललात की बाई म्हणून?"

"मला माहीत नाही, साहेब."

"मग माहीत करून घ्या! कोर्टात सांगा, ती एक रीत होती. त्या दिवशी सगळेच माफी मागतात. मी दरोडेखोराची मागतो, म्हणून काय मी दरोडा घातला?"

"रीत होतीच, साहेब."

"मग झालं तर."

"पण ते खरंही होतं."

"दोन्ही एकदम कसं असेल?" साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, पण आपटता आपटता त्यांनाच शंका आली असावी, कारण ते माझ्याकडे वळले. "कसं असेल, हो?" मला काय ठाऊक! मी म्हटलं, पाद्रीला विचारा.

पाद्रीला विचारलं. सावा पाद्री म्हणाला, ही पापाची कबुली नव्हती, कारण कबुली कानात देतात आणि ही सगळ्यांनी ऐकली. पण साधं बोलणंही नव्हतं, कारण चॅपलमध्ये वाकून केलेलं होतं. आजवर त्या दिवसाची माफी कुणी कोर्टात नेलेली नाही, तेव्हा बिशपना विचारतो म्हणाला. बिशपांकडून निरोप आला की सध्या उपास चालू आहे, ईस्टरनंतर बघू. नेव्याना हे ऐकून हसली. वर्षभरात पहिल्यांदा हसली. "बघ, तेही म्हणतात ऑफिस उघडलं की बघू," ती मला म्हणाली, आणि मग लगेच रडायला लागली.

साहेबांनी शेवटी स्पष्ट सांगितलं. कोर्टात रीत म्हणाली, तर प्रकरण मिटलं; वल्चान हरेल, त्याच्या मुलीला काहीच कळणार नाही, आणि जग आहे तसंच चालेल. खरं म्हणाली, तर वकीलपत्र काढून घेतलं जाईल आणि चौकशी लागेल. नेव्याना नीट ऐकत होती. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "इस्क्राताई, त्यांचंही बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "तू जर आत्ता त्यांची बाजू समजून घेतलीस, तर मी तुला याच जिन्यावरून ढकलेन."

सुनावणीच्या दिवशी मी आधी साक्ष दिली. न्यायाधीश बाई होत्या, सर्दीने बेजार. त्यांनी विचारलं, "ती रीत होती की कबुली?" मी म्हटलं, "बाईसाहेब, मी हलव्याची वाट बघत होते. जे ऐकलं ते सांगते, त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा." आणि सांगितलं. नेव्याना माझ्याकडे बघत होती. ती चुकून फिर्यादीच्या बाकावर बसली होती, वल्चान आणि त्याच्या पहारेकऱ्याच्या शेजारी. कारकुनाने तिला उठवून पलीकडे नेलं.

मग मिग्लेनाला बोलावलं. वल्चाननेच तिला साक्षीला बोलावून घेतलं होतं. मुलगी आपल्याशी बोलत नाही, हेच त्याचं नुकसान. समन्स आलं म्हणून ती आली. उंच, बापासारख्याच भुवया, अंगावर बेकरीतला पांढरा कोट, तशीच कामावरून निघालेली. बापाकडे तिने बघितलं नाही. न्यायाधीशांनी विचारलं तेवढ्याची उत्तरं दिली: हो, बोलत नाही. हो, तेव्हापासून. कारण ते आले नाहीत आणि यायचं म्हणालेही नाहीत.

"तुरुंगाच्या वकिलांना साक्षीदाराला काही विचारायचंय?"

नेव्याना उठली. हातातला कागद उलटा होता, मला लांबून दिसत होतं. मला वाटलं, आता ते वाक्य येणार. निराधार.

"तुम्ही तुरुंगात फोन केलात तेव्हा तुमच्याशी कोण बोललं?" तिने विचारलं.

"कोणीतरी बाई होती."

"ती मी."

"वकीलबाई," न्यायाधीश नाक पुसत म्हणाल्या, "तुम्ही प्रश्न विचारायचे आहेत. उत्तरं द्यायची नाहीत."

"हो, बाईसाहेब." नेव्याना पुन्हा मिग्लेनाकडे वळली. "मी तुम्हाला अर्ज नाही म्हणाले. कागदावर नव्हताच, ते खोटं नव्हतं. पण तुमच्या वडिलांनी विचारलं होतं. बेड्या घालून न्या म्हणाले होते. कोट घालून बसले होते. मी घरी जेवत होते आणि मी म्हटलं, ऑफिस उघडल्यावर बघू."

कोर्टात टाइप करणारी मुलगी थांबली. न्यायाधीशांनी रुमाल बाजूला ठेवला.

"जुरोवाबाई, हे तुम्ही तुरुंगाच्या वतीने सांगताय? नीट विचार करून सांगा."

"मला कळत नाही, बाईसाहेब," नेव्याना म्हणाली. "कुणाच्या वतीने सांगितलं, तर ते निकालात लिहिता येईल?"

न्यायाधीशांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, थोडा वेळ थांबू.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण ते फार महत्त्वाचं नाही. निकाल वल्चानच्या बाजूने लागला आणि त्यात ते वाक्य आलं. साहेबांनी म्हटल्याप्रमाणे नेव्यानाचं वकीलपत्र गेलं, चौकशी लागली, ताकीद मिळाली. आता ती कोबी, कोळसा आणि साबणाचे करार तपासते, माझ्याच खोलीत. कोर्टात दुसरा वकील जातो. तरुण आहे, चांगला बोलतो, आणि त्याला ढेकूण चावत नाहीत. कैदी अजूनही कागद घेऊन नेव्यानाकडेच येतात.

पण त्या दिवशी कोर्टाच्या बाहेर, त्या थोड्या वेळात जे झालं, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

वल्चान बाकावर बसला होता, हातात बेड्या, शेजारी पहारेकरी. आम्ही खिडकीपाशी. मिग्लेना दारातून बाहेर आली ती सरळ नेव्यानासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता थोबाडीत देते. मी पुढे झालेसुद्धा.

"हे तेव्हा फोनवर का नाही सांगितलंत?"

"तुम्ही अर्जाचं विचारलंत, मी अर्जाचं सांगितलं."

"मी वडिलांचं विचारलं होतं!"

"हो," नेव्याना म्हणाली.

"हो काय? हो काय म्हणता?" मिग्लेनाचा आवाज फुटला. "वर्षभर मी... आता मी काय करू हे घेऊन? तुमच्यावर ओरडू? तुम्ही तर आधीच रडताय!"

मिग्लेना वळली आणि बाकाकडे गेली, पण बसली नाही. वल्चानने मान वर केली. दोघंही एकमेकांकडे असे बघत होते, जणू दोघांपैकी एकाला चुकून इथे पाठवलंय आणि कुणाला ते कळत नाहीये.

"पोर कशी आहे?" वल्चानने विचारलं.

"मी तिला सांगितलंय की तुम्हीपण गेलात," मिग्लेना म्हणाली. "आजीच्या मागोमाग. रोज विचारायची, मला दुसरं काही सुचलं नाही. रविवारी चर्चमध्ये गेलो की ती दोघांसाठी मेणबत्ती लावते. तुमचीही. खाली, वाळूत, मेलेल्यांच्यात."

पहारेकऱ्याने तोंड फिरवलं. मी त्याला कधी असं करताना पाहिलेलं नाही. वल्चान बेड्या घातलेले हात मांडीवर ठेवून विचारात पडला. खरंच काहीतरी अवघड हिशेब चालल्यासारखा.

"मग आता वर लावायला सांग," तो म्हणाला. "जिवंतांच्यात."

"तिचा हात नाही पोचत वर, बाबा."

"तर उचलून घे तिला," वल्चान म्हणाला, आणि बाकावर थोडा सरकला, मुलीला बसायला जागा व्हावी म्हणून.